रॅकेटीची मूठ आन् शोभाताई

५ जाने., सोमवार

आन् वर शोभाताई मलाच म्हणती, "मनाला लावून घेऊ नको कांता." मनाला न्हाय लावायचं तर काय भिंतीला लावायचं? सगळ्या टेनिस कोर्टासमोर शिकवणाऱ्या सरांना म्हणली ती, "माझ्यासंगं रेवतीच बरी पडंल." मी तिथंच बाकड्यावर. पाण्याची बाटली तोंडाला. घोट गिळायचाबी राह्यला.

काल निवड होती. लातूरला महिन्याअखेर चाळिशीपुढच्या बायकांचे डबल्सचे सामने हायेत. धाराशिवातनं एकच जोडी जाणार. शोभाताई जाणार हे पक्कं, तिच्याइतकं आमच्यात कुणालाच येत न्हाय. तिच्या बाजूला कोण, मी का रेवती मॅडम, एवढंच बगायचं होतं. सरांनी आलटून पालटून दोघींनाबी उभं केलं.

माझा एक चेंडू धड पडला न्हाय. एक तर तारेवरून पार लिंबाच्या झाडात. कालेजच्या पोरी खिदळल्या. रॅकेट हातात होती पण तिचं तोंड वर हाय का खाली तेच कळंना. चाचपडत मारल्यावानी.

खेळ वाईट झाला, कबूल. एका दिवसाचा खेळ. वरीसभर जोडी कुणाची होती?

येताना तिच्याच स्कूटीवर मागं बसून आले. सवयीनं. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला.

तिचं नाव पुरं लिवायची इच्छा न्हाय आता. शो. बास.

६ जाने., मंगळवार

कोपर दुखायलाय. भाकरी थापताना कळ निघती ती बोटापर्यंत. माझ्या मेसला जेवणाऱ्या पोरांनी इचारलं, "मावशी, आज भाकरी जाड झाली का?" म्हणलं खावा गुमान.

हे म्हणले, "सोड की ती जाळी. ह्या वयात कुणी सांगितलंय?" रॅकेट म्हणता येतं ह्यांना, पण जाळीच म्हणणार. मुद्दाम.

कुणी सांगितलं म्हणजे? तिनंच की. डाक्टरनं साखर वाढली म्हणून चालायला लावलं, मी स्टेडियमला चपलेवर चकरा मारत होते. शो. आन् कालेजच्या दोन पोरी कोर्टावर, चौथी आली नव्हती. ही माझी भिंतीपलीकडची शेजारीण, शाळेत बाई, रोज भिंतीवरून बोलणं. तिथनं वरडली, "कांते, ये ग! नुसती उभी ऱ्हा, चेंडू आला की परत लावून दे." गेले. परत लावला. तवापासून सुटलंच न्हाय.

तिनंच तिची जुनी रॅकेट दिली मला. गुण मोजायला तिनंच शिकवलं. पंधरा, तीस, आन् मंग एकदम चाळीस. म्या म्हणलं पंचेचाळीस का न्हाय? भांडले. "मला काय भांडतीस, मी काढलाय का हा खेळ?" म्हणली. पोट धरून हसलो दोघीबी.

सगळ्या गल्लीची मी मावशी. सरच तेवढे म्हणतेत, "कांताबाई, सर्व्हिस तुमची." माझ्या नावानं कुणी काय माझं म्हणून द्यावं, असं दुसरीकडं कुठं घडत न्हाय.

लातूरला जायचं होतं मला. किती जायचं होतं ते ह्यांनाबी सांगितलं न्हाय.

७ जाने., बुधवार

कोर्टावर गेले न्हाय. रॅकेट काढून बगत बसले. इतकी चांगली गुंडाळली होती. बिघडलं कुठं?

मूठ पहिल्यापासनं बारीक होती. शो.चा हात म्हणजे लहान पोरीचा हात. माझा हात भाकरीचा. मुठीत धरली की बोटं पार तळव्यात घुसायची, रॅकेट फिरायची, म्हणून आवळून धरायची, आन् आवळलं की कोपर दुखायचा. असं वरीसभर. मला वाटायचं खेळ असाच असतो, दुखणाराच.

निवडीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, डोक्यात आलं. माहेरी ईट गावात खुरपायला जाताना आई प्रत्येकीच्या खुरप्याची मूठ तिच्या हाताची करून द्यायची. जुन्या लुगड्याची चिंधी, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी, ताणून गुंडाळलेली. खाली जरा जाड, म्हणजे घामानं निसटत न्हाय. एकीचं खुरपं दुसरी हातात धरायची न्हाय, धरलं तरी जमायचं न्हाय. दिवसभर खुरपलं तरी फोड येत नव्हता.

तेच केलं. ह्यांनी सायकलच्या दुकानातनं ट्यूब आणून दिली. शो.च्या ओट्यावर बसले. ती चहा घेऊन आली. म्या म्हणलं पट्टीचं टोक धर, ताण दे, ढिली सोडू नको. तिनं चहा खाली ठेवला, टोक धरलं, ताण दिला. मी फिरवत गेले. मस्त गरगरीत झाली मूठ, हात भरंल अशी. ती म्हणली, "झाक झाली की ग. दे उद्या दणके."

दणके दिले. झाडात.

९ जाने., शुक्रवार

सरांकडं गेले. मुलींची बॅच संपल्यावर. म्हणलं, सर, मी हरले ते हरले, पण का हरले तेवढं सांगा.

त्यांनी रॅकेट घेतली, मूठ दाबली, आन् हसू आवरलं. मला दिसलं आवरलेलं. "कांताबाई, हे काय केलंय?" ट्यूब सोडवली, चिंधी सोडवली. आतली मूठ निघाली. "डोळे मिटा. हात फिरवा." फिरवला. कडा लागल्या हाताला. मूठ गोल न्हायच की ती. आठ कडांची हाय. वरीसभर धरली आन् कधी बगितलंच न्हाय.

सर म्हणले, "त्या कडांवरनं हाताला कळतं की तोंड कुठं हाय. बगायला वेळ कुठं असतो? तुम्ही कडाच बुजवून टाकल्या."

बरोबरच की. खुरप्याचं पातं डोळ्यापुढं असतं, खाली बगूनच खुरपायचं. हिचं तोंड पाठीमागं कुठंतरी, आन् डोळे चेंडूवर. माझं म्हणजे हे असं. जे एका जागी चाललं ते सगळीकडं चालंल.

एवढ्यावर घरी आले असते. चूक माझी, विषय संपला. पण सर बोलून गेले, "जाड करायचीच होती तर रबराची नळी मिळती, स्लीव्ह. गरम वाऱ्यानं आवळून बसती, कडा तशाच ऱ्हातेत. शोभाताईंना म्या दिवाळी झाल्या झाल्या सांगितलं होतं. म्हणलं, त्यांच्या हाताचं माप तुम्ही घ्या, मला बरं दिसत न्हाय. बोलल्या न्हाय का तुम्हाला?"

म्हणलं न्हाय.

सरांनी सोडवलेली ट्यूब गुंडाळून माझ्या हातात दिली. मंग म्हणले, "राह्यलं असंल."

१० जाने., शनिवार

सकाळी भिंतीवरून इचारलं. सरळ. "सरांनी तुला माझ्या मुठीचं सांगितलं होतं म्हणे."

कपडे वाळत घालत होती. चिमटा तोंडात. चिमटा काढून म्हणली, "अग व्हय की! राह्यलंच बग. परीक्षा, पेपर, त्यात ह्यांचं दुखणं... सॉरी ग."

आता माणूस विसरतं. मी न्हाय का विसरत? परवा मीठ विसरले, पोरांनी तसंच खाल्लं.

पण मला डिसेंबरातली येळवस आठवायलीय, अवसेला रानात जेवायचा सण. माझ्या भावाच्या रानात ईटला घेऊन गेले होते तिला. कडब्याच्या कोपीपुढं जेवलो, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. जेवण झाल्यावर माझा हात हातात घेतला तिनं. काठीला मूठ आवळायला लावली आन् बोटांच्या आन् तळव्याच्या मधी स्वतःचं बोट घालून बगितलं. जातच नव्हतं बोट. "केवढा ग हात तुझा," म्हणली. मला वाटलं माया करायलीय. भावजयीला दाखवलं, बग म्हणलं, आमच्या शाळेतल्या बाई माझा हात धरून बसल्यात.

माप घेत होती ती.

म्हणजे तवा तरी आठवण होती. दिवाळीनंतर सांगितलं, येळवसीपर्यंत आठवण होती. मंग विसरली.

व्हय, विसरली असंल. असंच धरून चालायचं. ह्यांना सांगितलं तर म्हणले, "तू लई खोदतीस."

१३ जाने., मंगळवार

तीळ भाजले. कोपराला शेक. कोर्टावर गेले न्हाय.

शो.नं हाक मारली, "गुरुवारी माझ्याकडं हळदीकुंकू, लवकर ये, मदतीला." दर वर्षी मीच असते मदतीला. येते म्हणलं. जिभेनं म्हणलं, मनानं न्हाय.

१५ जाने., गुरुवार

आज लिवल्याशिवाय झोपच न्हाय यायची, म्हणून आल्या आल्या बसले. हातालाबी हळद तशीच.

शो.कडं बायका जमलेल्या. मी अत्तर लावत होते सगळ्यांना. रेवती मॅडम आल्या. बाई चांगली हाय, तिच्याबद्दल माझं काय न्हाय, उंच, बोटं लांब, बोलायला मोकळी. नवरा सरकारी नोकरीत, नागपूरकडची. डिसेंबरात आली ती आमच्या बॅचला, येळवसीच्या पुढच्या आठवड्यात.

मलाच म्हणली, "कांताताई, तुमचा कोपर कसा आहे? माझाही दुखायचा हो. शोभाताईंनी ती स्लीव्ह दिली आणि जादूच झाली."

म्हणलं, कसली स्लीव्ह?

"मुठीची. सोलापूरहून आणलेली होती त्यांनी, त्यांच्या कपाटात नुसती पडून होती. मी आले त्याच आठवड्यात बसवून दिली. हेअर ड्रायरनं, इथंच, ह्या ओट्यावर."

शो. आतनं वाणाचं ताट घेऊन आली. ऐकलं तिनं. हसू होतं तोंडावर ते तसंच राह्यलं, काढायचं विसरल्यावानी.

म्या म्हणलं, "कुणासाठी आणली होती ग शोभाताई? तुझ्या हाताला तर लागत न्हाय."

बायका बगायल्या.

"असंच... उपयोगी पडंल म्हणून." आन् माझ्या हातात तिळगूळ ठेवला. "घे. गोड बोल."

गोडच बोलले. एक शब्द वाकडा न्हाय. अत्तराची कुपी खाली ठेवली. वाण तिथंच पायरीवर ठेवलं आन् घरी आले.

विसरली नव्हती. सोलापूरला बहिणीकडं गेली तवा जाऊन घेऊन आली. माझ्या मापाची. आणून कपाटात ठेवली. आन् मंग दुसरीला बसवली.

१६ जाने., शुक्रवार

डोकं फिरलंय. वरण करपलं.

मला तिनं तोंडावर सांगायला पायजे होतं. "कांता, रेवती तुझ्याहून बरी खेळती, मला जिंकायचंय, मी तिला घेणार." एवढंच. म्या शिव्या दिल्या असत्या. चार दिवस बोलले नसते. पाचव्या दिवशी भिंतीवरून कालवणाची वाटी दिली असती. मला काय कळत न्हाय का कोण बरं खेळतंय ते?

पण तिनं सांगितलं न्हाय. आन् शनिवारी माझ्यासमोर बसून ट्यूबची पट्टी धरली. ताण दिला. तिला कडांचं ठावं न्हाय का? रेवतीची नळी तिनंच बसवलेली. मूठ गोल झाली की काय होतं हे तिला बरोबर ठावं होतं. मी फिरवत होते, ती बगत होती. चहा गार होईपर्यंत बगत होती.

झाक झाली की ग.

ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणले, "असंल तसं. न्हायतर नसंल. बाईमाणूस, तोंडावर बोलवलं नसंल." म्हणलं, बाईमाणूस मीबी हाय. मला येतं बोलायला.

"ते सगळ्या गल्लीला ठावं हाय," म्हणले. आन् हसले. मला हसू आलं न्हाय.

१८ जाने., रविवार

गेले कोर्टावर. कुणासाठी घरी बसायचं?

सर म्हणले नवी नळी मागवू, पण तवर हे करा. पातळ पट्टी दिली, ओव्हरग्रिप म्हणतेत. दोन थर. लई ताणायची न्हाय, कडांवरनं कडेला कड लावून न्यायची, एकाच जागी जाड करायची न्हाय. मीच गुंडाळली, त्यांनी नुसतं बोट दाखवलं. चहा उतू जायच्या आत झालं असतं एवढं काम.

मूठ धरली. बोटं आन् तळव्याच्या मधी जागा राह्यली. आवळायचीच गरज न्हाय. डोळे मिटून फिरवली, कड लागली.

कालेजच्या पोरींबरोबर खेळले, त्याच त्या खिदळणाऱ्या. दोन डाव. माझा बॅकहँड रेघेच्या आत पडायला लागला. एक पोरगी म्हणली, "मावशी, कुठनं आणला हा हात?" म्हणलं, हात माझाच हाय, मूठ बदलली.

घरी येऊन भाकरी थापल्या. कळ निघाली न्हाय.

रडले मंग. भाकरी थापता थापता. वरीसभर दुखत होतं आन् इलाज दोन पट्ट्यांचा होता. ती रोज इचारायची, "कोपर कसा हाय ग?" रोज.

शो. पलीकडच्या कोर्टावर रेवतीबरोबर होती. माझ्याकडं बगत होती का न्हाय ते म्या बगितलं न्हाय. एकदाच बगितलं. बगत होती.

२० जाने., मंगळवार

दुपारी रेवती मॅडम आल्या, दारातनंच. सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, उद्याच नागपूरला निघायलीत. परत कवा ते सांगता येत न्हाय. डोळे भरलेले. म्या आत बोलावलं, चहा दिला. वाटंत खायला दशम्या बांधून दिल्या. तिचा काय दोष?

जाताना म्हणली, "लातूरला तुम्हीच जा हो कांताताई. परवा तुमचा खेळ बघितला मी." आन् मंग हळूच, "मला खरंच माहीत नव्हतं ती स्लीव्ह तुमची होती."

तुमची होती, म्हणली. म्हणजे हळदीकुंकवानंतर शो. तिच्याजवळ बोललीय. तिला सांगितलं. मला न्हाय.

२१ जाने., बुधवार

शो. येणार ठाऊकच होतं. मेसचे डबे भरत होते तवा आली. मागच्या दारानं, नेहमीसारखी. हातात कसली तरी पुडी. पुडी सोडून माझ्यापुढं ठेवली. काळी रबराची नळी. नवी. काल शाळा सुटल्यावर सोलापूरला जाऊन आली म्हणे.

"चल, आत्ताच बसवू," म्हणली. "ड्रायर आणते. शनिवारी सरांना नावं द्यायचीत. आपली जुनी जोडी, कांते. रेवतीचं काय, ती आज हाय उद्या न्हाय."

म्या डबे भरत राह्यले. भात, वरण, भाजी. झाकणं लावली.

"बोल की ग काहीतरी. शिव्या दे, पण बोल."

म्हणलं, "बसा शोभाताई."

अहो-जाहो केलं तिला. कधी केलं नव्हतं. लागलं ते तिला, पाट होता तरी बसली न्हाय.

"असं का बोलायलीस? झालं गेलं सोड ना. चुकलं माझं, म्हणलं ना?"

"कवा म्हणलात?"

"आत्ता म्हणतेय की."

"काय चुकलं?"

नळी बोटाभोवती गुंडाळायला लागली, सोडायला लागली. मंग म्हणली, "मला वाटलं तू समजून घेशील."

"समजायला सांगितलंत काय?"

"तू त्या दिवशी एवढी खुशीत गुंडाळत होतीस, मी काय सांगणार?"

हे ऐकलं आन् म्या डबे बाजूला सारले. म्हणजे कळत होतं. गुंडाळताना कळत होतं. आपणहून बोलून गेली आन् बोलल्यावर तिलाबी कळलं काय बोलली ते.

"पोरांचे डबे घेऊन जायचेत मला," म्हणलं. "तुम्ही या आता."

नळी तिथंच ठेवून गेली. ओट्यावर पडलीय. हात लावला न्हाय म्या.

हे संध्याकाळी म्हणले, "जा की लातूरला. तुला खेळायचंय ना? तिच्या संगं संसार करायचाय का?" ह्यांचं असं सोपं असतं सगळं. पण खोटं बोलत न्हायत हे. मला खेळायचंय. मरणाचं खेळायचंय. दुसरी जोडीदारीण न्हाय. चाळिशीपुढची दुसरी कुणी हाय का धाराशिवात जिला चेंडू परत लावता येतो? तिच्याशिवाय मी जाऊ शकत न्हाय आन् माझ्याशिवाय ती.

डबल्सला एकीनं पुढं जाळीशी उभं ऱ्हायचं, पाठ जोडीदारणीकडं करून. मागं काय चाललंय ते बगायचं न्हाय, मागची सांभाळंल म्हणून धरायचं. मी पुढं उभी ऱ्हायचे. वरीसभर एकदाबी मागं वळून बगितलं न्हाय.

आता बगावं लागंल. प्रत्येक चेंडूला. असं कसं खेळायचं?

२२ जाने., गुरुवार

सकाळी कोर्टावर सर म्हणले, "मग कांताबाई, नाव लिहू ना?" शो. तिथंच, बुटाची नाडी बांधत. वर बगितलं न्हाय तिनं.

म्हणलं, "शनिवारी सकाळी सांगते."

"शनिवार म्हणजे शेवटच हो. दुपारी मला पाठवायचंय."

"सकाळी सांगते म्हणलं ना."

मंग तिच्याकडं गेले. कालेजच्या पोरी होत्या, असू देत. तिनं मला सगळ्यांसमोर नको म्हणलं होतं, म्या सगळ्यांसमोर इचारलं. आवाज चढवला न्हाय. जे बोलले ते हितं लिवून ठेवते, न्हायतर उद्या ती म्हणंल कांता असं म्हणलीच न्हाय.

म्हणलं, "शोभाताई, तुमच्या सॉरीचं मला काय करायचं न्हाय. नळीचंबी न्हाय. मला दोन गोष्टींची उत्तरं पायजेत. माझ्यासाठी आणलेली नळी दुसरीला द्यायचं तुम्ही कवा ठरवलं? आन् ठरवल्यावर माझ्या मुठीची पट्टी धरून बसलात, ती मी हरावी म्हणून का तुम्हाला तोंड उघडायची भीती वाटली म्हणून? दोन्हीत फरक हाय. भीती वाटली असंल तर मी लातूरला येईन. भित्र्या माणसाच्या पुढं उभं ऱ्हायला येतं मला. हरावी म्हणून धरली असंल तर तेबी सांगा. मंग काय करायचं ते माझं मी बगीन. पण खोटं सांगितलंत तर मला कळंल."

ती म्हणली, "इथं नको ना कांते. घरी बोलू."

"घरीच या. पुढच्या दारानं. उद्या शुक्रवार हाय. दिवे लागायच्या आत उत्तर द्या. त्यानंतर मी दार उघडणार न्हाय."